अर्धी गाडी

ती एका जुन्या गाडीखाली उताणी पडून गंजलेल्या बोल्टशी हुज्जत घालत होती, तेवढ्यात वरून कुणीतरी एक लांब सळी हिसडली आणि सळीचं टोक नेमकं तिच्या चष्म्यावर बसलं. चष्मा उडाला. भंगाराच्या त्या आवारात आपल्याशिवाय आणखी कुणी असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"वर कोण आहे?"

स्टिअरिंगखालच्या भोकातून ओशाळलेला आवाज आला, "खाली कुणी असेल असं वाटलं नाही."

"आहे ना. अजून तरी आहे."

तो घाईघाईने उतरला. चष्मा शोधून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला, उजेडात धरला आणि बोटांच्या चिमटीत त्याची वाकडी काडी इतकी अलगद सरळ केली, की ती बघतच राहिली. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, हे तिला नंतर कळलं. तिने चष्मा घेतला आणि काडी होती तशी परत वाकवली.

"मीच वाकवली आहे ती. वेल्डिंगचा मुखवटा चढवला की सरळ काडी कानामागे टोचते. विचारायचं तरी..."

"चुकलं. वाकडं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात."

"मग भंगारात बरे आलात. इथे जन्मभर पुरेल एवढं काम आहे."

तो हसला. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे, ओठ मागाहून यायचे. एवढं आपल्या लक्षात का यावं, याचा तिला उगाच राग आला.

त्याच्या घरी वडिलांची जुनी गाडी होती. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला आणि त्या दांड्यापासून खाली गिअरच्या पेटीपर्यंत जाणारी एक सळी. ती सळी टोकाशी तुटली होती. वडील गेल्या वर्षी गेले. गाडी आयुष्यभर आईने चालवली, पण ते गेल्यापासून ती गाडीकडे फिरकली नव्हती. आता ती कायमची मुलीकडे राहायला निघाली होती आणि या घरातून तिने त्याच गाडीत बसून जावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आई म्हणायची, बंद गाडीचं काय घेऊन बसलास. निदान ती सबब तरी त्याला काढून घ्यायची होती.

त्याच्या हातातली सळी भलत्याच गाडीची होती. तुमची तुटकी घेऊन या, मी नवी करून देते, असं ती बोलून गेली.

वर्कशॉप तिचं आणि तिच्या काकाचं होतं. काका लेथवर, ती वेल्डिंगला. दुसऱ्या दिवशी तो सळी घेऊन आला, तीही चष्मे पुसायच्या मऊ निळ्या कापडात गुंडाळून. सळीला मधोमध चांगलाच बाक आला होता. कुठेतरी आदळली असणार, असं ती धरून चालली. पकडीत घट्ट धरून, तापवून तिने ती सरळ केली आणि माप घेतलं.

मग तो रोज दुकान बंद केलं की येऊ लागला. "सहज," म्हणायचा. तिच्या चष्म्याच्या काचांवर ठिणग्यांचे बारीक डाग पडलेले बघून एकदा तो हळहळला, नव्या काचा बसवून देतो म्हणाला. ती म्हणाली, नव्या काचांतून तुम्ही याहून बरे दिसणार असाल तर बसवा. त्यावर त्याचे कान लाल झाले.

काम संपलं की त्याचं येणं संपणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून सळीच्या टोकाचं पितळी बुश तिने काकाकडून पुन्हा पुन्हा कातून घेतलं. शेवटी काकाने लेथ थांबवला. "बुशात खोट आहे की तुझ्या नजरेत? नजरेत असेल तर वैद्य रोज दारात येतोच आहे."

तिने निमूट सळी पुरी केली.

त्याच्या घरासमोर तिने ती गाडीत बसवली. गिअर लोण्यासारखे पडू लागले. आई हात पुसत बाहेर आली, जरा घुटमळली आणि वर्षभराने प्रथमच स्टिअरिंगमागे बसली. तिने क्लच दाबला. डावीकडे बघितलं. मग तिचा चेहरा हळूहळू उतरला.

"छान केलंस, पोरी," ती म्हणाली. "पण गिअर वर गेलाय." आणि उतरून आत निघून गेली.

"म्हणजे काय?" तिने त्याला विचारलं.

मग त्याने सांगितलं. लग्नानंतर लवकरच आईचं डावं मनगट मोडलं आणि नीट जुळलंच नाही. बाबांना स्टिअरिंगची धास्ती. तेव्हा आई स्टिअरिंग आणि क्लच सांभाळायची आणि शेजारी बसून बाबा गिअर टाकायचे. "मी मागे बसून बघायचो. मला वाटायचं, सगळ्या गाड्या दोघांनीच चालवायच्या असतात."

आता तिच्या ध्यानात आलं. वरचा दांडा शेजारच्या माणसाच्या हाताशी यावा, म्हणून त्याच्या वडिलांनी सळीला बाक देऊन तो खाली आणला होता. आणि तिने तो बाक मापासाठी घालवून टाकला होता.

"तुम्हाला काय माहीत..." तो म्हणाला.

"विचारायचं तरी. एका काडीवरून तुम्हाला सुनावलं होतं मी."

तिला रडू येत होतं. ती तशीच आत गेली आणि त्याच्या आईला सगळं सांगून टाकलं. आईने ऐकून घेतलं. गाडीत बाबांचा हात कुठे असायचा ते आठवतं का, असं तिने चाचरत विचारलं.

"आठवायचं कशाला? शेजारीच असायचा."

आई पुन्हा स्टिअरिंगमागे बसली. मुलाला तिने शेजारी बसवलं, डोळे मिटले, त्याचा हात धरून हवेत खाली खाली आणला आणि एका जागी थांबवला. "इथे. कोपर सीटला टेकलेलं असायचं."

ती गाडीखाली शिरली. सळी काढायची, तापवायची, जराशी वाकवायची, परत लावायची. आई म्हणायची, अजून थोडा. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा आईने क्लच दाबला आणि डावीकडे न बघताच म्हणाली, "हं."

मुलाने गिअर टाकला. गाडी हलली. आईचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. गाडी फाटकातून बाहेर पडून वळली, तरी ती पाना हातात धरून तिथेच उभी होती. तिला फार आनंद झाला होता आणि आता तो यायचा नाही, याचं तेवढंच वाईटही वाटत होतं.

तो आला, आईला बहिणीकडे पोचवून. वर्कशॉपसमोर गाडी थांबली आणि तो कंबर धरून उतरला.

"पाठ मोडली. दर गिअरला शेजारच्या सीटपर्यंत वाकायचं. एकट्याने चालवण्यासारखी राहिली नाही ही."

"सळी सरळ करून देऊ?" तिने विचारलं.

"नको," तो म्हणाला. "आईने जाताना विचारलं, त्या पोरीला घरी कधी आणतोस. मी म्हटलं, आधी तिला विचारायचं तरी... म्हणून विचारायला आलोय. मला तुम्ही आवडता. फार आवडता. माझ्याबरोबर चालवाल गाडी?"

"मला गाडी येत नाही," ती म्हणाली. शहरभरच्या गाड्या तिने दुरुस्त केल्या होत्या, पण चालवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

"अर्धीच शिकायची आहे. अर्धी मला येते."

आत काकाचा लेथ केव्हाच थांबला होता. तिने हातमोजे काढले आणि स्टिअरिंगमागे बसली. तो शेजारी बसला. त्याचं कोपर सीटला टेकलं आणि दांडा त्याच्या हाताशी बरोबर आला. तिने क्लच दाबला, त्याने गिअर टाकला, तिने पाय झटकन सोडला आणि गाडी मोठा गचका खाऊन बंद पडली.

"चुकलं," ती म्हणाली.

"परत," तो म्हणाला.

तिने गाडी सुरू केली, वाकडी काडी कानामागे नीट बसवली आणि क्लच पुन्हा तळापर्यंत दाबला.

"हं," ती म्हणाली.