थेंब न सांडणारा कप्लर

ताईचा फोन आला तेव्हा मावशी स्टुलावर चढून पंखा पुसत होती.

"आत्ताच्या आत्ता ये. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करायला हवं, आणि हा गाढव म्हणतो नुसता काटा टोचलाय. कुणाचं ऐकत नाही गं!"

मावशी खाली उतरली. ओलं फडकं पंख्याच्या पात्यावरच लोंबकळत राहिलं.

मावशी पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झाली होती, पण घरात तिला सगळे फौजदारीण म्हणत. सरकारने न दिलेली बढती नातेवाइकांनी फुकटात देऊन टाकली होती. लग्नात कुणाची चप्पल हरवली, कुणाच्या कपाटाची किल्ली सापडेना, की बोलवा फौजदारणीला. तिलाही ते आवडायचं, पण ताईचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

हॉस्पिटलात भाचा खिडकीजवळच्या खाटेवर होता. उजवा हात उशीवर उंच ठेवलेला. बाप ट्रॅक्टरच्या वर्कशॉपचा मालक आणि हा तिथला मुख्य कारागीर. अंगाने थोराड, तोंडाने कंजूस. मावशी त्याला मौनीबाबा म्हणायची.

"काय रे मौनीबाबा, कशाचा काटा?"

"कुंपणाच्या तारेचा."

"आईला तर झुडपाचा म्हणालास."

"तेच ते."

"तार आणि झुडूप तेच?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मावशीने असे भिंतीकडे फिरलेले चेहरे आयुष्यभर पाहिले होते. त्यातले निम्मे स्वतःला वाचवायचे, उरलेले दुसऱ्या कुणाला तरी.

डॉक्टरबाईंनी तिला बाहेर नेलं. सडसडीत, दमलेल्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई.

"बोटाच्या टोकाला टाचणीएवढं भोक आहे. पण बोट दगडासारखं घट्ट झालंय आणि सूज तळव्यात उतरलीय. एक्स-रेत काटा नाही. आत काहीतरी जोरात घुसलंय. मला बोट उघडून मनगटापर्यंत साफ करायचंय. पण शुद्धीवरचा सज्ञान माणूस नाही म्हणतोय, तर मी चाकू कसा लावू?"

"किती वेळ आहे?"

"वेळ सकाळीच संपला म्हणा. आता प्रत्येक तासागणिक हाताचा काही भाग जाईल. आत काय गेलंय ते सांगा आणि त्याच्याकडून हो म्हणवून घ्या. ही दोन्ही कामं माझ्या शिक्षणात नव्हती. तुम्ही पोलिसात होतात म्हणे."

होते, असं मावशी म्हणाली. एरवी ती यावर दोन किस्से सांगायची.

ताईजवळ त्याच्या कामाच्या कपड्यांची पिशवी होती. मावशीने उजव्या हाताचा कातडी हातमोजा काढला आणि खिडकीशी धरला. तर्जनीच्या टोकाला एक भोक, इतकं बारीक की उजेड आरपार आला म्हणून दिसलं. भोकाभोवती काळपट कडं. ओरखडा नाही, फाटलेलं नाही. तिने वास घेतला. ट्रॅक्टरच्या तेलाचा.

व्हरांड्याच्या टोकाला भाऊजी उभे होते, दोन्ही हात पँटच्या खिशात घालून. मुलगा आत तळमळतोय आणि बाप बागेत फिरायला आल्यासारखा. मावशीला राग आला.

"भाऊजी, सकाळी काय झालं?"

"मी उशिरा पोचलो. तो म्हणाला काटा टोचला, मग काटाच असेल. ही डॉक्टर मंडळी राईचा पर्वत करतात."

"बोट बघितलंत?"

"बघितलं." त्यांचा आवाज एकदम बसला. "बघितलं गं. पण तो ऐकत नाही, मी काय करू? लहान आहे का उचलून न्यायला?"

"मग वर्कशॉपला चला."

"आत्ता?"

"आत्ताच."

वर्कशॉपच्या फाटकाशी भाऊजी थांबले. "ताईने दिलेली किल्ली तुझ्याकडेच आहे ना? तूच उघड. माझा चष्मा घरी राहिलाय."

मावशीने कुलूप उघडलं. आत फरशी अशी होती की पंगत बसवावी. ट्रॅक्टरच्या वर्कशॉपात तेल सांडायचंच, पण भाऊजींच्या नाही. त्यांचं नावच त्यावर झालं होतं. ट्रॅक्टरचं तेल नळीतून अवजाराकडे नेणारा जो दोन तुकड्यांचा कप्लर असतो, कॉलर मागे ओढून खटकन जोडायचा आणि तसाच काढायचा, तो कुठला घ्यावा हे विचारायला लांबलांबून लोक त्यांच्याकडे यायचे. भाऊजी गिऱ्हाइकाला समोर बसवायचे. टेबलावर पांढरा कागद अंथरून त्यावर कप्लर जोडायचे, काढायचे, पुन्हा जोडायचे. कागदावर थेंब पडला की तो कप्लर बाद. "तोंड सपाट हवं, पुसता आलं पाहिजे, टोपण हवं, आणि दोन्ही तुकडे एकाच घरचे, एकाच कंपनीचे हवेत," हे त्यांचं पाठ असलेलं भाषण ताईसुद्धा झोपेत म्हणायची. समोरच्या भिंतीवर त्यांनीच रंगवलेली पाटी होती: कप्लरला हातोडा लावू नये.

"तो कागदाचा खेळ अजून करता?" मावशीने विचारलं.

"आता पोरगाच करतो. मी बसून बघतो."

मधोमध एक ट्रॅक्टर उभा होता, पुढे माती उचलायची बादली लावलेला, बादलीच्या नळीला नवाकोरा कप्लर. त्याचा मालक, एक फळबागवाला, आपला ट्रॅक्टर घ्यायला येऊन फाटकात ताटकळत होता. मावशीने त्यालाच पहिल्यांदा धरलं.

"हा कप्लर स्वस्तातला तुम्ही आणलात ना?"

"मी? अहो, मी म्हटलं होतं, जुना अर्धा तुकडा चांगला आहे, नवा अर्धाच लावा. तर हे मालक माझ्यावरच ओरडले. म्हणाले, दोन घरचे तुकडे खटकन बसतात, पण नांदत नाहीत. सगळा नवा घ्यायला लावला. सपाट तोंडाचा, वाहत नाही तो."

"बसवला कुणी?"

"मालकांनी स्वतः. काल संध्याकाळी तुमचा भाचा बाहेर गेला होता."

"तुम्ही बघितलंत बसवताना?"

"नाही. मला बाहेर बसवलं. कुणी बघत असलं की हल्ली त्यांचं चित्त लागत नाही म्हणे."

"मग कालच का नेला नाहीत ट्रॅक्टर?"

"भाच्याने थांबवलं ना. म्हणाला, सकाळी एकदा बघतो आणि मग देतो. तो नेहमी तसंच करतो. वडिलांनी केलेलं कामसुद्धा एकदा बघतोच."

भाऊजींनी हे ऐकलं. खिशातले हात आणखी खोल गेले.

मावशी ट्रॅक्टरभोवती फिरली. फरशी कोरडी. कप्लरखाली कोरडं. पण शेजारच्या पांढऱ्या भिंतीवर, कमरेच्या उंचीवर, एक पंख्याच्या आकाराचा मळकट डाग होता आणि त्यावरच तेवढी धूळ चिकटली होती. तिने बोट लावलं. बोट चिकट झालं.

अवजारांच्या फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती काढलेली होती आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगलेलं होतं. एकच आकृती रिकामी होती. ते हत्यार मागच्या चाकाआड पडलेलं सापडलं. हातोडा.

"भाऊजी, हा कप्लर काढून दाखवा."

"हात तेलकट होतील. हॉस्पिटलात जायचंय."

"मग मी काढते. हाच ना?"

"तो नव्हे, त्याच्या वरचा. शिक्का बघ, बाण कोरलाय बारीक, तो."

बादली जमिनीवर टेकलेली होती, इंजिन बंद होतं. बागवाल्याने दांडा हलवून नळीतला दाब सोडला. मावशीने दात-ओठ खाऊन कॉलर मागे ओढली आणि कप्लरचे दोन तुकडे वेगळे झाले. एका तुकड्याच्या सपाट तोंडाच्या कडेला ठोकल्याच्या चकचकीत खुणा होत्या. एका जागी धातूला पातीसारखी धार आली होती. समोरच्या तुकड्यातली रबराची रिंग तिथेच कापली गेली होती.

मावशीने तो तुकडा उजेडात धरला. आयुष्यात तिने पुष्कळ पुरावे शोधले, आणि सापडला की छाती फुगायची. आज तिला वाटलं, हासुद्धा त्या चाकाआड टाकून द्यावा.

"बागवाल्याने ठोकला असेल," भाऊजी म्हणाले. त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता.

"चला भाऊजी. डॉक्टरबाई थांबल्यात."

खाटेभोवती ताई, भाऊजी आणि डॉक्टरबाई उभ्या होत्या. भाच्याचं बोट आता जांभळं पडलं होतं. मावशीने कप्लरचा तुकडा चादरीवर ठेवला. तो बघताच भाच्याने डोळे मिटले.

"मावशी, गप्प बस. पाया पडतो तुझ्या."

"बसले असते रे. पण तुझा हात जातोय." ती डॉक्टरबाईंकडे वळली. "आत तेल गेलंय. ट्रॅक्टरचं, दाबाखालचं. हा कप्लर ठोकून बसवलेला आहे. रिंग कापली गेली. इंजिन चालू करून बादली उचलली की त्यातून केसासारखी धार सुटते. थेंब पडत नाही, म्हणून फरशी कोरडी. धार शेजारच्या भिंतीवर बसली, तिथे धूळ चिकटलीय. डोळ्यांना ती दिसत नाही, म्हणून हा हातमोजा घालून चाचपायला गेला. चामड्यातून आरपार बोटात. टाचणीएवढं भोक, ओरखडा नाही. काट्याने असं होत नाही."

"तेल," डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या आणि दाराशी जाऊन नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितली.

"ठोकला कुणी?" ताईने विचारलं. "त्या बागवाल्याने?"

"त्याला तर बाहेर बसवलं होतं. आणि हा मौनीबाबा संध्याकाळी तिथे नव्हता." मावशीचा आवाज खाली आला. "ताई, भाऊजींनी तुझ्यासमोर चहाचा कप शेवटचा कधी उचलला, आठवतं?"

ताई गोंधळली. "ते... ते हल्ली गार करूनच पितात. मी आत गेल्यावर."

"कुलूप मला उघडायला लावलं, चष्मा राहिला म्हणून. आणि कप्लरवरचा बारीक बाण त्यांनी लांबून वाचला. डोळे ठणठणीत आहेत. कागदाचा खेळ आता मुलगा करतो. काम करताना कुणी बघितलेलं चालत नाही. सकाळपासून हात खिशात. भाऊजी, झाकली मूठ सव्वा लाखाची, मला कळतं. पण आता उघडा."

मग भाऊजींनी हात खिशातून काढले.

ते थरथरत होते. थंडी वाजल्यासारखे नाही, त्यापेक्षा वाईट. आपले आपण, मालकाला न विचारता.

"कॉलर मागे धरून तुकडा सरळ ढकलावा लागतो," ते म्हणाले. "माझा तिरका बसतो. पुन्हा पुन्हा तिरका बसतो. बाहेर गिऱ्हाईक बसलेलं. मग हातोडा घेतला. पाटी मीच रंगवलीय गं. मीच." त्यांनी मुलाकडे पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

भाच्याने मान डोलावली.

"कधीपासून?"

"पावत्यांवरच्या सह्या मला करायला सांगायला लागलात, तेव्हापासून."

"आणि माझं काम मागून तपासायचास? रोज?"

"लोक तुमचंच नाव घेऊन येतात, बाबा. काय सांगणार होतो मी त्यांना? इथे तेल म्हटलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता, कुणी बसवला. मला वाटलं, उतरेल सूज. सकाळी तर दुखतही नव्हतं."

गुन्हेगार समोर होता. मावशीला त्याचं काय करावं हे कळेना. हातकड्या घालाव्यात तर त्या हातांना, आणि ते हात आधीच कैदेत होते.

"आता तरी हो म्हण," ती भाच्याला म्हणाली. "लपवायला काही उरलं नाही."

"हो," तो म्हणाला, आणि लहान मुलासारखा रडायला लागला.

व्हरांड्यात ते तिघे बसून राहिले. ताई नवऱ्याशी बोलत नव्हती, पण तिने त्यांचा एक हात आपल्या मांडीवर घेऊन दाबून धरला होता. तो तिच्या हाताखालीही हलत होता. दिवस कलला तेव्हा डॉक्टरबाई बाहेर आल्या. हात राहिला होता. तर्जनी आणि तिच्या शेजारचं बोट राहिलं नव्हतं.

"सकाळीच आला असतात तर," असं त्या म्हणायला लागल्या आणि भाऊजींकडे बघून थांबल्या.

भाचा शुद्धीवर आला तेव्हा आधी मावशीला शोधू लागला. "तो ट्रॅक्टर बंद ठेवलाय ना? कुणी हात लावेल."

"कप्लरच काढून आणलाय. झोप तू."

"तहान लागलीय."

डॉक्टरबाई दोन घोट द्या म्हणाल्या. ताई उठत होती. मावशीने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. भाऊजींनी पेला उचलला होता. दोन्ही हातांनी, सगळ्यांच्या देखत. पेला मुलाच्या ओठांशी नेईपर्यंत निम्मं पाणी त्याच्या गळ्यावर आणि पांढऱ्या चादरीवर सांडलं. मुलाने डावा हात बापाच्या हातांखाली धरला आणि पाणी प्यायला.

चादरीवर थेंब पडत राहिले. ते कुणीच पुसले नाहीत.