हे बाई म्हणते

नाताळ उलटला की नालवाडीतल्या थूल यांच्या घरात एक दिवस दुपारचं जेवण लवकर उरकायचं. कांता भांडी घासून पालथी घालायची, पदराला हात पुसायची आणि टीव्हीसमोर बसायची. मनिला शहरात तेव्हा दिवेलागण झालेली असे. तिथं वर्षअखेरीला फिलिपिनो सिनेमांचा महोत्सव भरतो. त्या दिवसांत टॉकीजमध्ये त्यांचेच सिनेमे लागतात, नटनट्या सजवलेल्या ट्रकांवरून गावभर मिरवतात आणि मग एका संध्याकाळी बक्षिसं दिली जातात. अख्ख्या वर्ध्यात हे ठाऊक असणारं दुसरं घर बहुधा नव्हतं.

थूलांना ते ठाऊक झालं पौर्णिमामुळे. त्यांची ही एकुलती एक लेक तिकडे डॉक्टरकी शिकायला गेली होती. पहिल्याच डिसेंबरात ती खोलीतली मैत्रीण लिझा हिच्यासोबत मिरवणूक बघून आली आणि पार वेडावली. बक्षिसांच्या दिवशी ती आईला फोन लावायची. तिकडे ती सोहळा बघायची, इकडे कांता तोच इंटरनेटवरून टीव्हीवर लावायची, आणि पौर्णिमा एकेक भाषण वऱ्हाडीत करून सांगायची.

"आई, हे बाई म्हणते, माह्या मायनं मासोळ्या विकून मले मोठं केलं."

"हं. मंग?"

"आता हा बुवा म्हणते, माहे इतके सिनेमे पडले, तरी बायको सोडून नाई गेली."

कांता डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची. फोनवरचा आवाज किंचित मागून यायचा. माणूस बोलून थांबला की अर्ध्या श्वासानं लेकीचं वाक्य कानावर पडायचं. तिचा नवरा प्रेमदास परसातल्या मेथीला पाणी देता देता विचारायचा, "काय समजते वो तुले त्यातलं?"

"पोरगी बोलून राह्यली नं. अजून काय समजा लागते?"

मग एका उन्हाळ्यात पौर्णिमा लिझा आणि इतर मैत्रिणींसोबत समुद्रावर गेली आणि त्यांची नाव उलटली. बाकीच्या वाचल्या. नागपूरच्या विमानतळावर पेटी आली, ती कांतानं स्वतः उघडायला लावली. तिची सारी नोकरी आर्वीच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून गेलेली. डाव्या भुवईवरची लहानपणीची खूण तिनं पाहिली, आणि सवयीनं दोन बोटं मानेवर ठेवून नाडीही पाहिली. मेलेलं माणूस मेलेलंच असतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्रिशरण म्हणून, अग्नी देऊन ती घरी आली आणि दुसऱ्या दिवशी पौर्णिमाचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घातले.

त्या डिसेंबरात तिनं सोहळा लावला तो नुसता सवयीनं. माणसं बोलत होती, हसत होती, टाळ्या वाजत होत्या. एक अक्षर कळलं नाही. प्रेमदास आत डोकावला आणि परसात निघून गेला. त्या खोलीत तो आता बसत नसे.

पुढच्या डिसेंबरात एक थकलेला नट काठी टेकत मंचावर आला. चार शब्द बोलला आणि कांता खुदकन हसली.

हसू आल्यावर ती दचकली. आपण कशाला हसलो?

'हा बुवा म्हणते, मराच्या आधी देल्लं, लय बरं केलं.'

वाक्य आलं होतं. किंचित मागून, अर्ध्या श्वासानं, फोनवर येई तसंच.

कांतानं उठून कपाटातलं यंत्र काढलं आणि स्वतःचा बीपी मोजला. साखर तपासली. दोन्ही ठीक होतं. मग तिनं लिझाला फोन लावला. दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलत. त्या म्हाताऱ्या नटानं काय म्हटलं, असं तिनं विचारलं. लिझानं सांगितलं ते तेच होतं, विनोदासकट.

"आँटी, तुम्ही आमची भाषा कधी शिकलात?"

"नाही शिकले," कांता म्हणाली.

वर्षभर तिनं करून पाहिलं. मोबाइलवर तिकडच्या बातम्या लावल्या, गाणी लावली, स्वयंपाकाचे व्हिडिओ लावले. काही नाही. सगळी परकी बडबड. प्रेमदासला ती काही बोलली नाही. त्याचं दुःख त्यानं कसंबसं जमिनीत पुरलं होतं, ते कशाला उकरायचं?

गेल्या डिसेंबरात हवेत चांगला गारठा होता. परसाकडचं दार उघडं होतं. प्रेमदास मेथी खुडत बसला होता. कांतानं शाल पांघरून टीव्ही लावला, आणि पहिल्याच भाषणाला लेकीचा आवाज सुरू झाला. कांता डोळे मिटून ऐकत राहिली. अशी सुखात ती कित्येक दिवसांत बसली नव्हती.

मग तिच्या लक्षात आलं की वाक्य आता मागून येत नव्हतं. बोलणाऱ्याच्या बरोबरीनं येत होतं. थोड्या वेळानं तर आधीच येऊ लागलं. मंचावरच्या बाईनं पाकीट फाडलंही नव्हतं.

'आई, त्या निळ्या झग्यावालीले भेटलं.'

नाव पुकारलं गेलं. निळ्या झग्यातली एक तरुण नटी उठली, मंचावर आली, माइकपाशी उभी राहिली.

तिला बोलता येईना. तिनं तोंडावर हात धरला. सभागृह शांत झालं.

'आई, हे बाई म्हणते, पाणी थंड नोहतं. कोमट होतं.'

कांताच्या अंगावरची शाल घसरली.

'हे बाई म्हणते, दोरी एकच होती. लिझाचा हात मीच सोडला. तिच्या हातून सुटला नाई. तिले सांगजो.'

नटीनं मान लववली आणि ती मंचावरून उतरली.

कांतानं लिझाचा नंबर लावला. फोन लागला.

"लिझा, आता निळ्या झग्यातली ती मुलगी काय म्हणाली?"

"काहीच नाही, आँटी. तिला रडू आलं. एक शब्दही बोलली नाही. का?"

कांतानं सांगितलं. पाणी कोमट होतं. दोरी एकच होती. हात पौर्णिमानंच सोडला.



"दोरीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही," लिझा म्हणाली. "माझ्या आईलाही नाही. मला वाटायचं, माझीच पकड..."

पुढं तिला इंग्रजी सुचेना. हुंदके देत ती आपल्याच भाषेत बोलत सुटली. कांताला शब्द न् शब्द कळत होता. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तीही आपल्याच बोलीत म्हणाली, "नको रडू माय. तुह्यावर तिचा राग नाई."

लिझा हळूहळू शांत झाली.

कांतानं फोन ठेवला, टीव्ही बंद केला. पौर्णिमाला जे सांगायचं होतं ते सांगून झालं, आता ती येणार नाही, असं तिला वाटलं. त्याचं वाईटही वाटलं आणि हलकंही वाटलं. रस्त्यावरून कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली.

'आई, आता दुसरं नाव पुकारून राह्यले.'

पडदा काळा होता.

कांतानं वळून पाहिलं. परसाकडच्या दारात प्रेमदास उभा होता. हातात मेथीची जुडी, बोटांना ओली माती. तो कांताकडे बघत नव्हता. तिच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होता.

"कोणाचं?" त्यानं विचारलं.