दोन ते तीनमधला मेल

आमच्याकडं घड्याळाला हात लागतो तो फक्त सेल संपल्यावर. त्यामुळं परदेशी गिऱ्हाइकांसाठी ई-मेलचं सॉफ्टवेअर लिहिताना आमच्या बीडच्या ऑफिसातल्या भागवतनं अमेरिकेशी साडेदहा तासांचं अंतर कायमचं ठोकून दिलं. तिकडं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं ढकलतात, हे त्या बहाद्दराच्या गावीही नव्हतं. निस्तरायला मी होतेच, बीडजवळच्या पालीतल्या घरी, धरणाकडच्या खिडकीशी.

त्या रविवारी न्यूजर्सीत रात्रीचे दोन वाजतच नाहीत. एक एकोणसाठनंतर थेट तीन. मधला तास कुणाच्याच वाट्याला येत नाही.

माझा धाकटा भाऊ परमेश्वर तिथं नोकरीला होता. तीन वर्षांपूर्वी त्याच रात्री पावणेदोनला तो कामावरून घरी निघाला. गाडी रस्त्याकडेला सापडली. तो सापडला नाही.

पुढच्या वर्षी त्याच रविवारी आमच्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याचा मेल आला. "निघालोय." वेळ दोन वाजून पाच मिनिटं. गेल्या वर्षी दुसरा आला, "रस्ता कळंना." दोन सतरा. दोन्हींचं खापर मी भागवतच्या चुकीवर फोडलं. कुठंतरी अडकलेले जुने मेल असतील, वर चुकीची वेळ पडली असेल. मला ते पटलं होतं. आईला नाही.

यंदा दुरुस्ती तयार होती. ती चढवली की नसलेल्या वेळेचा मेल आत येणारच नव्हता.

"कावून बंद करती गं?" आई म्हणाली. "त्याला तेवढीच तर येळ हाय."

"आई, ती येळ घड्याळात न्हाईच."

"मग त्यो कुठून लिहितोय?"

मला रडूच आलं. दुरुस्ती न चढवता तशीच ठेवली. तिथले रात्रीचे दोन म्हणजे आपले दुपारचे साडेबारा. आई जेवलीसुद्धा नाही. माझ्यामागं खुर्ची ओढून बसून राहिली.

साडेबारा वाजले आणि वाजलेलेच राहिले. पंख्याचा आवाज मऊ होत होत गेला. पाण्यावरचं ऊन हलायचं थांबलं. बांधावरची शेळी तोंडातला पाला न चावता उभी होती. डोळा लागताना वाटतं तसं बरं वाटत होतं. भीती अजिबात वाटली नाही, आणि आता त्याचीच वाटते.

मेल आला. दोन एकोणतीस.

"ताई, लई गार हाय. कुनीच न्हाई हितं."

"लिही," आई म्हणाली. "म्हनावं, हाय तितंच थांब. मी येते."

मी तसंच लिहिलं. वर वेळ पडली दोन एकतीस. इथं अजून साडेबाराच होते, भागवतच्या हिशेबानंही दोनच पडायला हवे होते. मेल गेला.

मागं खुर्ची करकरली. मला वळवेना.

दोन अठ्ठावन्न.

"आई सापडली. बर्फात अनवाणी उभी होती. गाडीत घेतली. आता बंद केलं तरी चालंल, ताई."

बारा एकतीस. पंखा गरगरायला लागला.

आई खुर्चीतच होती, मान एका बाजूला कललेली. श्वास नव्हता. मी खाली बसून तिचे पाय मांडीवर घेतले.

तळव्यांना बर्फ लागला होता. बाहेर मार्चचं ऊन रणरणत होतं, आणि तो वितळत नव्हता.