बिनपाण्याची होडी

"ह्या होडीले पाणी कुठं हाय?"

दवाखान्याच्या व्यायामखोलीत पाऊल टाकताच जयवंता नावाच्या पोरीनं विचारलं, आणि मागेपुढे सरकणाऱ्या पाटावरचा तरुण दचकून थांबला. तो देविदास. मूळचा तळेगावचा, रोग्यांना व्यायाम शिकवायला वर्धेत नुकताच नोकरीला लागलेला. ती आंजी गावची, कबड्डीत चढाई करणारी, दिवाळीच्या सामन्यात गुडघा दुखावून बसलेली. एक्क्याऐंशीचा हिवाळा होता. जिल्ह्याच्या संघाची निवड तोंडावर आली होती, आणि तिला खेळायची चिठ्ठी मिळणार की नाही, ते देविदासच्या शब्दावर होतं.

"याले रोइंग मशीन म्हणतात," तो म्हणाला. "बसा... पाय पट्ट्यात अडकवा. आधी पायानं रेटा, मंग पाठ मांगं न्या, अन् शेवटी हात फासळ्यांखाली ओढा. येताना उलटं. आधी हात सोडा, मंग पाठ, मंग गुडघे."

जयवंतानं छाती भरून हवा घेतली आणि सुटलीच! पाट करकरत मागे गेला, पुढे आला, पुन्हा मागे... चेहरा पिकल्या टमाट्यासारखा लाल झाला, तरी थांबायचं नाव नाही. ओठ मात्र सारखे हलत होते.

"अवो, श्वास कुठं हाय तुमचा?"

"धरून ठेवला!" ती धापा टाकत म्हणाली. "दम तुटला की बाद ना!"

देविदास पोट धरून हसला. यंत्रावर कबड्डी खेळणारं माणूस त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. "इथं कोणी बाद करत नाई. रेटताना श्वास सोडा... पुढं येताना घ्या."

सोडा... घ्या... रोज तो बाजूला उकिडवा बसून हळू आवाजात म्हणायचा, आणि रोज तिला एकच कोडं पडायचं — हा बाबा गुडघ्याकडे पाहतो, की माझ्याकडे? शेवटी तिनं विचारलंच, "काय पाहून राह्यले?"

"गुडघा आत वळते का, ते."

"गुडघा तं खाली हाय!"

देविदासची भंबेरी उडाली. तिला त्याची ती भंबेरी फार आवडली. खरं सांगायचं तर, तो सगळाच आवडू लागला होता.

निवडीच्या आदल्या दिवशी मात्र तो चिठ्ठी लिहीना.

"काऊन?" जयवंताचा पारा चढला. "मी चिठ्ठी घेऊन गेली तं पुन्हा येणार नाई, म्हणून?"

तो मान खाली घालून म्हणाला, "तेच तं भेव हाय. गुडघा कच्चा हाय, असं मले वाटते. पण तुम्ही जाऊ नये, असंबी वाटते... ह्यातलं कोणतं बोलून राह्यलं, माह्यं मलेच समजत नाई. म्हणून मोठ्या बाईले बोलावलं."

मोठ्या बाई, म्हणजे त्याच्या वरिष्ठ सुलोचनाबाई, आल्या. त्यांनी गुडघा दाबला, वाकवला, उठबस करायला लावली. "ठणठणीत आहे. जा, खेळ," म्हणाल्या आणि निघूनही गेल्या.

देविदासनं चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. जयवंता दाराशी गेली खरी, पण पाऊल पुढे पडेना. जे हवं होतं ते मुठीत होतं, तरी जीव मागेच घुटमळत होता.

"इलाज संपला ना?" तिनं वळून विचारलं.

"संपला."

"मंग आता आंजीले या. माह्या बापूजीले भेटाले."

"अन्... त्याईनं इचारलं काऊन आले, तं काय सांगू?"

"खरं तेच सांगजा," ती हसली. "खोटं तं तुमाले जमतच नाई."