खुणेच्या वरचं तेल

भर प्रवाहात प्रवासी बोटीचं इंजिन जाम झालं, बोट बंधाऱ्यावर आदळली आणि चालवणारा पाण्यात फेकला गेला. तो परत आलाच नाही.

त्याची बायको वहिनींकडे आली. "लोक म्हणतात, मिस्त्रीनं भेसळीचं तेल घातलं. यांचा जिवलग होता तो. खरं काय ते मला कळू दे."

वहिनी पूर्वी धातुशास्त्र शिकवायच्या, आता खासगी तपास करत. सोबतीला त्यांचे दीर, भाऊजी. डोक्यानं जरा सावकाश.

बंधाऱ्यावर अडकलेल्या बोटीतलं इंजिन उघडलं. आत पाण्याचा थेंब नव्हता. तेल तर मोजपट्टीवरच्या खुणेच्याही वर! तरी सिलिंडर खरवडून निघालेले.

"आदल्या दिवशीच नवं तेल घातलं," मिस्त्री रडवेला झाला. "सीलबंद डबा, अगदी खुणेपर्यंत."

बोटीच्या धंद्यातल्या भागीदाराचं मृताशी कडाक्याचं भांडण झालं होतं. "तेल कुठून घालतात?" वहिनींनी सहज विचारलं. त्यानं डिझेलच्या टाकीकडे बोट दाखवलं.

मृताचे म्हातारे वडील कडाडले, "मिस्त्री कसला तो! नवं तेल घातलं, पण टोपणाच्या आत काळा चिकटा तसाच!"

वहिनींनी इंजिनातला नमुना बाटलीत भरून घेतला. तेल तपासायला दिलं. निकाल आला तेव्हा वहिनी मृताच्या घरी सगळ्यांना घेऊन बसल्या.

"तेल अस्सल होतं. पण त्यात इंजिन धुवायचा द्रव सापडला. चांगल्या तेलातली काही द्रव्यं धातूला चिकटून सायीसारखा थर धरतात, म्हणून धातू धातूला घासत नाही. या द्रवालाही धातूचीच ओढ. त्यानं ती साय हुसकावली."

"बाकावरच्या माणसाला दांडग्यानं ढकलावं तसं?" भाऊजींनी विचारलं.

"तसंच. तो घालून इंजिन जरा वेळ जागेवर फिरवायचं आणि सगळं काढून टाकायचं असतं. इथे तो आतच राहिला, म्हणून तेल खुणेच्या वर. मिस्त्री असा अडाणीपणा करणार नाही. भागीदाराला तेलाचं तोंडच ठाऊक नाही. आणि नवं तेल घातल्यावर टोपण उघडून आतला चिकटा कोणी पाहिला होता, ते..." त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"मी," म्हातारा म्हणाला. "तो चिकटा बघवेना. पोराचं इंजिन स्वच्छ व्हावं म्हणून अख्खी बाटली ओतली. त्याला बोललोसुद्धा नाही."

मिस्त्रीनं तोंड फिरवून डोळे पुसले.

सून उठली. आता ही निघून जाणार, असं भाऊजींना वाटलं. ती सासऱ्याजवळ जमिनीवर बसली.

"मिस्त्रीदादांवरचा आळ पुसायला हवा, बाबा. चौघांत सांगावं लागेल."

"सांगतो. माझ्याच तोंडानं सांगतो."

"मी येते बरोबर," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला रडू फुटलं.