ओंडक्यातली पाच बोटं

"हात लावू नकोस! आशय, मागे हो आधी!"

भक्ती ओरडली तेव्हा आशयने ओलं गोणपाट नुकतंच उचललं होतं. गोणपाटाखाली बाभळीचा भला जाड ओंडका होता, आणि ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर पाच काळीनिळी बोटं उमटली होती. कडेकडून निघून गाभ्याकडे वळलेली. आतून कुणीतरी पंजा टेकवल्यासारखी.

"काल तीन होती," आशय पुटपुटला. "ताई, शप्पथ! काल मी पाणी मारलं तेव्हा तीनच होती!"

"आणि आज पाच? बोटं काय अशी उगवतात?" भक्तीने दरडावून विचारलं खरं, पण तिचाही आवाज जरा हललाच.

भर दुपारचे बारा वाजले होते. छाणी गावाच्या टोकाला काकांची पत्र्याची शेड उन्हात तापली होती. बाजूच्या लिंबाचं पान हलत नव्हतं. इतका वेळ घुमणारे होलेही गप्प झाले होते. तेवढ्यात ओंडक्याच्या पोटातून आवाज आला.

टक्!

"आई गं!" आशय दोन उड्यांत दाराबाहेर गेला. भक्तीही गेली, फक्त ती चालत गेली. मोठ्या बहिणीला पळून कसं चालेल?

भक्ती तेरा वर्षांची, आशय अकराचा. दोघं नवरात्राच्या सुट्टीत तरसालीहून जयसिंगकाकांकडे आली होती, कारण काकांनी घरच्या घरी लाकूड कापायचा आरा बनवला होता! ज्या कारखान्यात काकांनी सव्वीस वर्षं मशीन दुरुस्त केल्या, तिथे परदेशी मशीन आल्या आणि जुनी माणसं घरी आली. वर्षभर काका नुसते खिडकीशी बसून असत. मग एके दिवशी त्यांनी भंगारातून ॲम्बेसेडर गाडीची दोन चाकं आणली. विहिरीवरची जुनी मोटर आणली. चाकांवरून फिरणारी, दातेवाली लांब पोलादी पट्टी चढवली. खाली लोखंडी रूळ, रुळांवर गाडा आणि गाड्यावर ओंडका. गाडा ढकलला की ओंडका पट्टीवर जाणार आणि फळी सुटणार. उद्या, दसऱ्याला, पहिली फळी निघायची होती.

काकांच्या उजव्या हाताची करंगळी अर्धीच होती. उरलेली कारखान्याने घेतली होती. "साडेचार बोटांत हे बनवलंय," ते म्हणत, "पाच असती तर विमान बनवलं असतं!" काका पुन्हा हसायला लागले होते, म्हणून घरात त्या आऱ्याविरुद्ध कुणी ब्र काढत नसे.

"केम, भूत पाहिलं की काय?" कुंपणावरून उडी मारून हार्दिक आला. हा शेजारचा. त्याचे पप्पा गरब्यांना लाउडस्पीकर पुरवायचे आणि हार्दिक मराठी बोलता बोलता मध्येच गुजरातीत घसरायचा. आशयने त्याला ओढतच आत नेलं.

"बाप रे! आ तो पंजो छे!" हार्दिकची सगळी ऐट उतरली. भक्तीने धीर करून गोणपाट उलटं केलं. त्याच्या आतल्या बाजूलाही तोच पंजा उठला होता! खाली जमिनीवर काळं पाणी थेंब थेंब गळत होतं.

तिघं थेट स्वयंपाकघरात गेली.

त्या दिवशी खंडेनवमी होती. या घरातले पूर्वज संस्थानच्या फौजेत होते. तलवारी कधीच गेल्या, पण शस्त्रपूजा राहिली. हातोडी, छिन्नी, पाने, काकूंचं शिवणयंत्र, अगदी विळीसुद्धा सकाळीच हळदकुंकू लावून मांडून झाली होती. शेडमधला आरा आणि त्यावरचा ओंडकाही पूजून झाला होता. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत कुठल्याही हत्याराला हात लावायचा नाही. सुईही पूजेत असल्यामुळे कुसुमावतीकाकू झेंडूच्या देठांना दोऱ्याच्या गाठी मारत तोरण करत होत्या.

मुलांचं ऐकता ऐकता त्यांचे हात थांबले.

"बाभूळ? कुठली आहे रे ती?"

"प्रतापकाकांनी आणली, मही नदीकाठच्या कुठल्या तरी गावाहून," आशय म्हणाला. प्रतापराव म्हणजे काकांचे शाळूसोबती, लाकडाचे ठेकेदार.

काकूंनी तोरण बाजूला ठेवलं. "माझं माहेर महीकाठचंच. आमच्या शिवेवर एक बाभूळ होती. दाढ ठणकली की दाढेला खिळा टेकवायचा आणि तो त्या बाभळीत ठोकून यायचा. कळ झाडात जाते म्हणायचे. मीही ठोकलाय, तुझ्याएवढी असताना."

"मग थांबली दाढ?"

"थांबली की! पण म्हातारी माणसं बजावायची, त्या झाडाला कुऱ्हाड लावू नका. झाड तुटलं तर कळ सुटते, आणि समोर दिसेल त्याला धरते."

आशय भक्तीला चिकटला. पण भक्ती भलतीकडेच बघत होती.

"खिळे," ती हळूच म्हणाली. "काकू, शाळेत बाईंनी आमच्याकडून शाई करून घेतली होती. बाभळीची साल आणि गंजका खिळा पाण्यात टाकला. दोन दिवसांत काळंभोर पाणी! तडकू नये म्हणून आपण रोज ओंडका भिजवतोय. ती बोटं नाहीत, आशय. आत खिळे आहेत! जितकं पाणी मुरेल तितकी शाई पसरणार."

"आणि ते टक्?"

"लाकूड तरीही उन्हाने तडकतंय."

आशयने सुटकेचा श्वास टाकला. पण पुढच्याच क्षणी त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, काकांनी पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं? धावत्या पट्टीला लोखंड लागलं तर ती तुटते आणि चवताळलेल्या नागासारखी बाहेर उसळते. म्हणून आपण दाराबाहेर उभं राहायचं. पण काका तर आतच असणार!"

आता भुताची भीती बरी, असं तिघांनाही वाटलं.

खात्री कशी करायची? छिन्नी पूजेत! हातोडी पूजेत! हार्दिकने डोकं खाजवलं आणि घराकडे धूम ठोकली. परत आला तो काळ्या दगडासारखा एक तुकडा घेऊन. "गरब्यात स्पीकर जळला ना परवा? त्याचं लोहचुंबक. फुटलेलंच आहे, आणि हे काही हत्यार नाही!"

तोरणाच्या दोऱ्याला तुकडा बांधून भक्तीने तो ओंडक्याजवळ धरला. वारा अजिबात नव्हता. दोरा सरळ लोंबत होता. ती इंचाइंचाने पुढे सरकली, आणि एका जागी तुकडा आपोआप कलला, थरथरला आणि टच्‌कन लाकडाला चिकटला. तिने तो सोडवला, वीतभर पुढे नेला. पुन्हा तेच! ओंडका त्याला आपल्याकडे ओढून घेत होता.

"अकरा," आशयने मोजले. "अकरा जागा, आणि ही फक्त वरची बाजू!"

"इथे बघा," हार्दिक खाली वाकला होता. सोललेल्या लाकडावर बारीक बारीक भोकं होती आणि ती मेण नि भुसा भरून कुणीतरी गुळगुळीत बुजवली होती. "साल सोलून आणलंय, तुझे कष्ट वाचवले," असं प्रतापराव हसत हसत म्हणाले होते. ते कष्ट कसले होते, हे आता कळत होतं!

संध्याकाळी काकांनी सगळं ऐकलं आणि हात झटकला. "प्रताप माझा बाळपणीचा मित्र. तो असं करेल? अगं, एखाद-दुसरी तार असेल वरवर."

"मग उद्या सकाळी छिन्नीने बघा ना!"

"पूजलेल्या ओंडक्याला? त्याला पहिला आराच लागला पाहिजे. आमच्या आबांपासूनची रीत आहे. मुहूर्त मोडून सुरुवात करू होय?" काकांच्या डोळ्यांत वर्षभरानंतर आलेली चमक होती. भक्तीला पुढे बोलवेना, आणि त्याचं तिला रडूच आलं.

रडून झाल्यावर तिला एक युक्ती सुचली.

दसऱ्याला दुपारी सव्वादोनचा मुहूर्त होता. नातेवाईक जमले, शेजारी जमले, फाफडा-जिलेबीचे पुडे उघडले. काकांनी ओंडक्यावर खडूची सरळ रेघ मारली आणि मोटर सुरू केली. चाकं फिरली. पट्टी आधी गुणगुणली, मग तिचा बारीक, किंकाळीसारखा सूर लागला आणि माणसांची बडबड आपसूक थांबली. ओंडक्याच्या तोंडावर आता बोटं नव्हती, अख्खा काळा पंजा होता.

प्रतापराव मात्र फाटकापाशी, लिंबाच्या खोडाआड उभे होते.

"काका!" भक्ती मोठ्याने म्हणाली. "ओंडका प्रतापकाकांनी आणला. पहिला गाडा त्यांनीच ढकलायचा! मान त्यांचा!"

"वा! लाख बोललीस!" काका खूश झाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "ये रे प्रताप!"

"मी? छे छे... माझी कंबर धरलीये आज."

"कंबर?" हार्दिक ओरडला. "काल तर आमच्या गरब्यात पाच फेऱ्या मारल्या तुम्ही, अंकल!"

हशा पिकला. आशयने एक हात धरला, हार्दिकने दुसरा, आणि दोघांनी प्रतापरावांना थेट गाड्यामागे आणून उभं केलं. समोर हातभर अंतरावर पट्टी चमकत होती. काकांनी मित्राचे हात प्रेमाने गाड्यावर ठेवले. "ढकल!"

प्रतापरावांनी पट्टीकडे पाहिलं. पंज्याकडे पाहिलं. घामाने त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. गाडा एक बोटभर सरकला, आणि...

"बंद कर!" ते किंचाळले. "जयसिंगा, मोटर बंद कर! आत खिळे आहेत!"

काकांनी झडप घालून बटण दाबलं. पट्टीचा सूर उतरत उतरत विरला. आता फक्त थेंब गळताना ऐकू येत होते.

"रस्त्यात आलं म्हणून गावाने पाडलं ते झाड," प्रतापराव खाली बघत म्हणाले. "दोन आरागिरण्यांनी परत पाठवलं मला. म्हटलं, तुझा आरा घरगुती, सावकाश चालणारा... दिसले ते खिळे मी उपटले होते रे. आत राहिले असतील एखाद-दोन."

काकांनी पाटावरची छिन्नी उचलली, कारण आज दसरा होता आणि हत्यारं मोकळी झाली होती. बरोबर खडूच्या रेघेवर त्यांनी घाव घातला. दुसऱ्या घावाला ठण्‌ असा आवाज आला. लाकडातून एक काळा, चौकोनी, लोहारी खिळा निघाला. मग दुसरा, तिसरा. दिवस कलेपर्यंत त्रेचाळीस निघाले!

काकूंनी ते सगळे पितळी डब्यात भरले आणि डब्याला हात जोडले. "कुणाकुणाची दुखणी ही! म्हातारी माणसं म्हणायची तेच झालं. झाड तुटलं आणि कळ सुटली."

"सुटली होती," काका म्हणाले, "पण या तिघांनी वाटेतच अडवली. प्रताप, माझी माफी मागू नकोस. मुलांची माग."

प्रतापरावांनी खरंच मागितली, भरल्या डोळ्यांनी. आठवड्याच्या आत दुसरं, निर्मळ लाकूड स्वतः तपासून आणून देईन, असंही कबूल केलं. हार्दिकने लगेच चुंबकाचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. "तपासायला लागेल ना, अंकल!"

दसऱ्याला लहानांनी मोठ्यांना सोनं द्यायचं असतं. त्या संध्याकाळी काकांनीच आधी तिघांच्या ओंजळीत आपट्याची पानं ठेवली. "मी आबांची रीत धरून बसलो," ते म्हणाले, "आणि घरातल्या पोरांचं ऐकलं नाही. चुकलो. पुढच्या खंडेनवमीला पाटावर हे चुंबकही बसेल, पहिल्या मानाचं!"

असं म्हणून त्यांनी भक्तीच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"अहो! नवा फ्रॉक तिचा!" काकू ओरडल्या. खिळे काढून काढून काकांचा ओला हात शाईसारखा काळा झाला होता, आणि भक्तीच्या पांढऱ्याशुभ्र फ्रॉकवर तो जसाच्या तसा उठला होता. आशयने पुढे होऊन बोटं मोजली आणि तो खदखदून हसला.

साडेचार!

काकूंनी तो फ्रॉक तीनदा धुतला, पण डाग काही गेला नाही. चौथ्यांदा धुवायला भक्तीनेच दिला नाही.