डेरिकनं टेबल बदललं

वाचनालयाच्या दारात डेरिक मारितवर धाडकन आदळला. त्याचे कागद खाली सांडले, टोपीवर साचलेल्या बर्फाचे दोन थेंब तिच्या मनगटावर पडले... "सॉरी हं!" म्हणून तो तिच्याकडे बघून हसला, कागद गोळा केले—आणि सरळ कोर्टनीच्या टेबलाशी जाऊन बसला.

मारितच्या अंगाचा तिळपापड झाला. विस्कॉन्सिनमधल्या त्या छोट्या गावात दर मार्चला या दोघी लोकांची कराची विवरणपत्रं फुकट भरून द्यायच्या. गेल्या वर्षी डेरिक तिच्याच टेबलावर आला होता. चीझच्या कारखान्यातल्या गमती सांगत चांगला पाऊण तास बसला होता. आणि आज? आज चीझच्या ताज्या गोळ्यांची पुडी कोर्टनीपुढे!

"अय्या, दाताखाली कसे चुंईचुंई वाजतायत!" कोर्टनी खिदळली.

'वाजू देत,' मारित मनात म्हणाली. 'दात पडू देत तुझे.'

एकीनं भरलेलं दुसरीनं तपासायचं, अशी तिथली रीत. अर्ध्या तासानं डेरिकचे कागद मारितच्या हाती आले आणि दुसऱ्याच पानावर तिला चूक सापडली. सबंध हिवाळ्यात तिला एवढा आनंद झाला नव्हता.

"कोर्टनी, राज्यानं परत केलेला कर तू केंद्राच्या विवरणपत्रात उत्पन्न म्हणून धरलास?"

"पैसे परत मिळाले म्हणजे उत्पन्नच ना गं?"

"नेहमीच नाही. गेल्या वर्षी यांनी एकेक खर्च दाखवून त्यात राज्याच्या कराची वजावट घेतली असती, तर प्रश्न होता. यांनी सरसकट ठरलेली वजावट घेतली होती. मग हा परतावा उत्पन्नात येत नाही."

"पण गेल्या वर्षीचे कागद त्यानं आणलेच नाहीत. तुला काय माहीत?"

मारित उगाच पानं उलटू लागली.

"दोनशे तरी लोक आले असतील ना तेव्हा?" डेरिक हळूच म्हणाला. "माझंच बरं लक्षात राहिलं?"

"तुम्ही... बूट दाराशी काढले होतेत. एका पायात हिरवा मोजा, एका पायात निळा. घराचं कर्ज नाही, बायको नाही—म्हणजे, कागदावर तसं होतं!"

कोर्टनीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मी जरा प्रिंटर बघून येते," म्हणत ती उठून गेली.

"मग यंदा तिकडे का बसलात?" मारितला आता राहवेना. "तिला चीझ, आणि मला बर्फाचं पाणी! जळले मी, कळलं?"

डेरिकनं भिंतीवरच्या नियमांकडे बोट दाखवलं. "आपल्या जवळच्या माणसाचं विवरणपत्र भरायचं नाही, असं लिहिलंय. तपासलेलं चालतं. मी फोन करून विचारलंय."

"तुम्ही कुठे माझे जवळचे?"

"आज शुक्रवार. संध्याकाळी चर्चच्या तळघरात गावाची तळलेल्या माशांची पंगत आहे. तू... तू माझ्याबरोबर आलीस, तर होईन ना? म्हणून आधीच टेबल बदललं."

'तू' ऐकून मारितचे कान तापले. तिनं कागद मिटून बाजूला ठेवले.

"गेल्या वर्षीची प्रत घेऊन ये. नुसत्या आठवणीवर मी सही करत नाही."

"कुठे आणू?"

"चर्चच्या तळघरात. आणि चीझ..." तिनं कोर्टनीच्या टेबलावरच्या अर्ध्या पुडीकडे रोखून पाहिलं. "नवी पुडी आण. तिचं उष्टं मला नको."